दोन पुस्तके आणि एक ‘ढ’ मूल

आपल्या वर्णमालेत ‘ढ’ या अक्षराच्या वाट्याला फार मोठी बदनामी आली आहे. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीच्या अक्षरांनी किती तरी रूपे पालटली. हे एकटे मात्र जवळजवळ होते तसेच राहिले, म्हणून शाळेत जे पोर आहे तिथेच राहते त्याला ‘ढ’ म्हणू लागले, अशी एक उपपत्ती आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेली असते. ती खरी असो वा नसो, तिच्यात एक गोम आहे. अक्षर बदलले नाही याचा सारा दोष अक्षराच्या माथी. ते पिढ्यान्‌पिढ्या गिरवणाऱ्या हातांना कोणी काही विचारीत नाही.

आमच्या वर्गातही असा एक होता. शेवटचे बाक त्याचे. घंटा देणे, फळा पुसणे, गुरुजींचा चहा सांगून येणे ही कामे त्याच्याकडे, आणि ती तो इतकी चोख करी की त्याला धड वाचता येत नाही याचा आम्हांला विसर पडे. गुरुजींनाही पडे. त्याच्यावर कोणी रागावलेले मला आठवत नाही. आणि आता वाटते, त्याच्यावरची आशा सर्वांनी सोडली होती याची तीच खूण होती.

मराठी कथा-कादंबऱ्यांत मास्तर पुष्कळ भेटतात. १९५५ साली आलेल्या ‘बनगरवाडी’तला पोरसवदा मास्तर तर विसरू म्हणता विसरत नाही. पण माडगूळकरांना सांगायची आहे ती त्या मेंढपाळ वाडीची कथा. पाटीवरची अक्षरे तिच्यात कडेला राहतात, आणि ते योग्यच आहे. मागे पडलेले मूल पुढे कसे येते, याच गोष्टीला हात घालणारी दोन पुस्तके मात्र आपल्याकडे परक्या भाषांतून आली, आणि दोन्ही मराठीत वाचायला मिळतात. एक गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’, दुसरे इटलीतल्या बार्बियानाच्या मुलांचे ‘प्रिय बाई’. शिक्षकांच्या शिबिरांतून दोघांची नावे एका दमात घेतली जातात. वस्तुतः ही दोन पुस्तके एकमेकांशी भांडणारी आहेत.

गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर काढले. ‘दिवास्वप्न’ त्यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गुजरातीत लिहिले. एक हौशी माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी चौथीचा एक वर्ग वर्षभर मागून घेतो, एवढीच कथा. पुस्तकातला सर्वांत खरा प्रसंग आहे तो पहिल्या दिवसाच्या फजितीचा. नायक मोठ्या उमेदीने ‘शांतीचा खेळ’ मांडतो आणि मुले त्या शांतीचा पार बोजवारा उडवतात. शेवटी वर्ग सोडून द्यावा लागतो, वर हेडमास्तरांची बोलणी. ज्याने वर्गावर एक तास जरी काढला असेल त्याला हे पान वाचताना हसू आणि घाम एकदमच येईल.

पुढे तो गोष्टी सांगू लागतो, आणि वर्ग त्याचा होतो. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींची पुस्तके येतात, मुले ती आपणहून उचलतात. हे सारे गिजुभाईंनी इतक्या प्रसन्नपणे लिहिले आहे की शंका घेणे अरसिकपणाचे वाटावे. पण घ्यायला हवी. ज्याला अक्षरच लागत नाही त्या मुलाने ते पुस्तक उचलले तेव्हा काय झाले? गोष्टीने ओढ लागते हे मान्य. ओढीपासून वाचनापर्यंतचा रस्ता पायी तुडवावा लागतो, आणि त्या रस्त्यावर हे पुस्तक आपल्याला नेत नाही. वर्ग एकजात उजळतो; शेवटच्या बाकावरचा एकटा असा डोळ्यांसमोर उभा राहत नाही. पुस्तकाचे नावच ‘दिवास्वप्न’ आहे, तेव्हा लेखकाने आपल्याला फसवले असे मात्र म्हणता येणार नाही.

‘प्रिय बाई’त स्वप्नाचा लवलेश नाही. लोरेंझो मिलानी हा फ्लॉरेन्सच्या सधन, विद्याव्यासंगी घराण्यातला मुलगा पुढे पाद्री झाला, आणि १९५४ च्या डिसेंबरात त्याची रवानगी टस्कनीच्या डोंगरातल्या बार्बियाना नावाच्या आडवळणी वस्तीवर झाली. तिथल्या शेतकरी मुलांना इतर शाळांनी नापास करून घरी बसवले होते. मिलानीने त्यांच्यासाठी शाळा काढली. त्याच्या आठ विद्यार्थ्यांनी मिळून, आपल्याला नापास करणाऱ्या एका बाईंना उद्देशून हे दीर्घ पत्र लिहिले. ते १९६७ च्या मे महिन्यात छापून आले आणि जूनमध्ये मिलानी वारला. वय अवघे ४४.

या शाळेत बारा तास अभ्यास आणि वर्षाचे ३६५ दिवस शाळा. खेळ नाही, मधली सुट्टी नाही, आणि (दिवाळी अंकात हे सांगणे थोडे धाडसाचेच) सणाची सुट्टीही नाही. घरी ३६ गाई असलेला एक मुलगा सांगतो की शेण उपसण्यापेक्षा शाळा केव्हाही बरी. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. ज्याचा पाया कच्चा तो वर्गाचा लाडका. त्याला कळेपर्यंत बाकीच्यांनी पुढे जायचे नाही. गिजुभाईंनी गाळलेला पायरस्ता तो हाच. इथे गोडी लावण्याची भाषा नाही, वेळेचा हिशेब आहे. डॉक्टरच्या मुलाला घरी जे आयते मिळते, ते शेतकऱ्याच्या मुलाला तासांच्या रूपाने भरून द्या, एवढीच त्यांची मागणी.

पुस्तक रागीट आहे आणि रागाच्या भरात अन्यायही करते. डॉक्टरच्या हुशार मुलाचे चित्र अर्कचित्राच्या जवळ गेले आहे. त्याने दुसऱ्यासाठी किती दिवस थांबावे, या प्रश्नाला उत्तर नाही. ज्या बाईंना पत्र लिहिले त्यांची बाजू कोणीच मांडीत नाही.

तरीही आज आपल्याला अधिक गरज आहे ती याच पुस्तकाची, असे माझे मत आहे. कारण त्यातल्या तीन मागण्या: कोणाला नापास करू नका, मंद वाटणाऱ्यांना दिवसभराची शाळा द्या, आणि आळशी वाटणाऱ्यांना एखादे ध्येय द्या. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने नापास करणे बंद केले, आणि घरोघरी ओरड झाली की मुले न शिकताच वरच्या वर्गात ढकलली जातात. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. वाद एवढ्यावरच अडून बसला. दुसऱ्या मागणीचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात, प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून लिहून ठेवले आहे. ते वाक्य कायद्यात बिचारे शेवटच्या बाकावर बसले आहे!

आणि जादा शिकवण्याने फरक पडतो, हे मुंबईनेच पाहिले आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या नगरपालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची पारख झाली. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पुरे केलेली एखादी तरुण मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वर्गातून बाजूला घेई आणि रोज दोन तास, वर्गाचा धडा न शिकवता, जिथे अडले तिथपासून शिकवी. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो हे दोघे होते; पुढे २०१९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सर्वांत मागे असलेल्या मुलांची प्रगती सर्वांत अधिक झाली. मात्र उपक्रम संपल्यावर वर्षभरात या कमाईतला बराच भाग ओसरला, हेही त्यांनीच नोंदवले आहे. बार्बियानाच्या ३६५ दिवसांचा अर्थ मला तिथे कळला.

‘प्रिय बाई’तली माझी आवडती पाने मात्र लेखनाविषयीची आहेत. परीक्षेत या मुलांना निबंधाला विषय होता आगगाडीच्या डब्यांचे मनोगत. ज्यांनी आपल्या शाळांत फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त लिहिले आहे त्यांना या विषयाची ओळख करून द्यायला नकोच. उलट बार्बियानात लिहायची रीत निराळी होती. सुचेल ते टिपून ठेवायचे, एकेक विचार एकेका चिठ्ठीवर. मग साऱ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या, दोनदा आलेल्या काढून टाकायच्या, एका विषयाच्या एकत्र लावायच्या. प्रत्येक ढीग म्हणजे एक प्रकरण. नंतर सर्वांनी मिळून वाचायचे, आणि ज्यावाचून अडत नाही तो शब्द खोडायचा. बाईंना लिहिलेले हे पत्र त्यांनी असेच रचले. त्या टेबलाभोवती बसलेल्यांत शिक्षक होण्याच्या परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी होते.