कुरजां आणि तुर्ना : विरहगीतांतला निरोप्या

तुर्की लोकगीतांत ‘गुरबेत’ हा शब्द वारंवार भेटतो. गुरबेत म्हणजे परमुलूख आणि तिथले एकटेपण. उर्दूतला ‘गुर्बत’ त्याच मुळाचा. या गीतांत निरोप नेतो तो तुर्ना, म्हणजे क्रौंच. राजस्थानी गीतांत हे काम कुरजां करते. तीही क्रौंचाच्याच कुळातली.

फरक आहे तो गाणारे कोण यात. अनेक तुर्की गीतांत घर सोडून गेलेलाच बोलतो. 1961 च्या जर्मनी-तुर्कस्तान मजूर करारानंतर या गुरबेतमध्ये जर्मनीतले कारखानेही आले. राजस्थानात मात्र मागे राहिलेली स्त्री बोलते. नवरा व्यापारासाठी कोलकात्याला, आसामला गेलेला. (आपल्या जात्यावरच्या ओवीत तिसरीच तऱ्हा : घर सुटलेली तीच, सासुरवाशीण.)

आता थोडा भूगोल. कुरजां हिवाळ्यात मंगोलिया, कझाकस्तानकडून येतात, फलोदीजवळच्या खीचन गावी हजारोंनी उतरतात आणि मार्चच्या सुमारास उत्तरेकडे परततात. कोलकाता तर पूर्वेला! अभियांत्रिकीच्या भाषेत, संदेश चुकीच्या वाहिनीवर टाकला आहे. काही पाठांत तो पोहोचतो, ती गोष्ट वेगळी. माझ्या मते गीताचे बळ या चुकलेल्या दिशेतच आहे. ती या पक्ष्याला निवडते, कारण तोही घरापासून दूर आहे आणि दरवर्षी ठरल्या वेळी येतो. नवरा येत नाही.

‘केसरिया बालम’चे काय झाले ते इथे जयपुरात रोज ऐकू येते. मांडमधली ही विरहाची हाक, तिच्यातले स्वागताचे शब्द राज्याच्या पर्यटन जाहिरातीत गेले आणि हॉटेलांच्या दारात ती आगतस्वागताचे गाणे झाली. लय वाढली, संथ दोहे गळाले. तुर्की ‘उझुन हवा’सारखे तालाबाहेर रेंगाळणारे ते दोहेच तर वाट पाहण्याचा वेळ दाखवतात, ते काढले की उरतो तो फक्त आलेला पाहुणा. गायकांना दोष देणे सोपे आहे. पण बिदागी त्या पाहुण्याकडूनच मिळते, आणि त्याला खोली गाठायची घाई असते.

बिकानेर दरबारच्या गायिका अल्लाह जिलाई बाई (पद्मश्री, 1982) यांचे ध्वनिमुद्रण आधी ऐका, मग हॉटेलातले. दोहा कुठे येतो, किती वेळ थांबतो, तेवढे वहीत टिपा.