इंद्रवज्र १८३५ साली दिसलंच नव्हतं

अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याच्या धुक्यात दिसणाऱ्या इंद्रवज्राबद्दल काहीही वाचा, एक वाक्य हमखास भेटतं: ‘कर्नल साइक्सने ते १८३५ साली पाहिलं.’ पण साइक्स तर १८३१ मध्येच इंग्लंडला परतला होता! १८३५ हे त्याचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आल्याचं साल आहे. मूळ निबंध न उघडताच वाक्याची नक्कल होत राहिली.

दुसरी नक्कल ‘गोल इंद्रधनुष्य’ या शब्दांची. इंद्रधनुष्याच्या कमानीची त्रिज्या सुमारे ४२ अंश, इंद्रवज्राची मोजके काही अंश. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांमुळे दिसतं, इंद्रवज्र धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांमुळे. त्यांच्याकडून मागे फिरलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि रंगीत वर्तुळं उमटतात. नुसत्या अपवर्तन-परावर्तनाच्या हिशेबाने हे कोडं सुटत नाही.

‘चार-पाच वर्षांनी काय बिघडतं?’ असं कुणी म्हणेल. बिघडतं. साइक्सने दख्खनचं हवामान उपकरणांनी मोजून ठेवलं होतं. इंद्रवज्र दिसलं तेव्हा हवा कशी होती, हे ताडून पाहायला निघालेला माणूस १८३५ च्या नोंदी चाळत बसला, तर त्याच्या हाती काय लागणार?