छायाचित्राखालच्या तीन ओळी

दिवाळी अंक आणि चित्र यांचा संबंध जुना आहे. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला, आणि तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाबरोबर अंकही येऊ लागला. अंक हाती आला की मजकुराआधी चित्रे पाहायची, हा आपला रिवाज. पुढे दीनानाथ दलालांनी आणि रघुवीर मुळगावकरांनी तर चित्रांसाठीच अंक विकत घ्यावा अशी वेळ आणली. चित्राखाली कवितेच्या दोन-चार ओळी घालण्याची हौसही आपल्याला आजची नाही. आता रंगवलेल्या चित्राची जागा छायाचित्राने घेतली आहे आणि चार ओळींच्या तीन झाल्या आहेत. खाली हायकू, वर आकाश! सकाळी मोबाईल उघडला की अशी एक तरी जोडी दारात उभी असते.

ह्या जोडीला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. परंतु सोयरीक जुळवायची तर दोन्हीकडच्या पत्रिका पाहाव्यात, एवढे मात्र मला वाटते.

हायकूची पत्रिका जपानची. बाशो (१६४४–१६९४) हा तिचा मोठा पुरुष. ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते पुष्कळ नंतरच्या शिकीने (१८६७–१९०२). ह्या दोघांच्या मधला बुसोन हा कवी जितका, तितकाच चित्रकार. कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांचे चित्र आणि त्याच कागदावर हायकू, अशा रचनेला जपानीत ‘हायगा’ म्हणतात. तेव्हा चित्र आणि हायकू यांचा संसार मोबाईलने मांडलेला नाही. तो काही शतकांचा आहे. हायगाची एक खुबी आपल्या कामाची आहे. कवितेत जे आले तेच चित्रात काढायचे नाही. कवितेत चंद्र असेल तर चित्रात एखादी रिकामी होडी पुरते. दोहोंमध्ये थोडे अंतर ठेवायचे आणि ते पाहणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे.

हायकूच्या आतही असेच एक अंतर असते. जपानी कवी ऋतू सुचवणारा एक शब्द घालतो आणि एके ठिकाणी कविता तोडतो. त्या तुटीच्या अलीकडे एक गोष्ट आणि पलीकडे दुसरी. ‘म्हणून’, ‘जणू’, ‘त्यामुळे’ हे शब्द मधून काढून टाकलेले असतात.

मराठीत हे रोप लावले आणि वाढवले ते शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. आचार्य अत्र्यांची ही कन्या. वडिलांच्या लेखणीचा गडगडाट ऐकत वाढलेल्या लेखिकेने तीन ओळींचा हा हलका आवाज निवडावा, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. सतरा अक्षरांचा हिशेब मांडत न बसता क्षणाचा प्रत्यय जपावा, ही त्यांची वाट मला पटते. जपानीतले ध्वनी आणि आपली जोडाक्षरे एका मापाने मोजता येत नाहीत. ऋतूच्या शब्दांसाठी तर आपल्याला कोणाच्या दारी जायलाच नको. ‘मृग’ म्हटले की मातीचा वास येतो. ‘हस्त’ म्हटले की परतीचा पाऊस गडगडू लागतो. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. ते चाळले तरी एकेका मराठी महिन्याने केवढे आकाश आणि केवढी माती साठवून ठेवली आहे, हे ध्यानात येते.

आता छायाचित्राकडे वळू. आमची नवी मुंबई आकाशाच्या छायाचित्रकारांना फार सोयीची आहे. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. सूर्य डोंगरामागून येतो आणि खाडीपलीकडे जातो. दोन्ही वेळा कॅमेरेवाले तयार. पाम बीच रस्त्याच्या कडेला, वाशीच्या मिनी सी-शोअरवर, ऐरोलीच्या खाडीकाठी संध्याकाळी माणसे हात उंचावून उभी असतात; लांबून पाहणाऱ्याला आरतीच चालली आहे असे वाटावे. थंडीत रोहित पक्षी येतात. ह्याच खाडीतल्या त्यांच्या अभयारण्याला २०२२ साली रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. मग गुलाबी पंख, गुलाबी पाणी, गुलाबी आकाश यांना तोटा नाही.

तोटा ओळींचा पडतो. अशा छायाचित्राखाली ज्या ओळी येतात त्यांचा एक नमुना मीच करून दाखवते, म्हणजे कोणाला बोल लागायला नको:

गुलाबी आकाश
गुलाबी ते पक्षी
गुलाबी ही खाडी

ह्यात खोटे काही नाही. पण हे सगळे डोळ्यांना आधीच दिसलेले आहे. पाहुण्यांना जिलबी वाढून ‘ही जिलबी’ असे सांगण्यासारखेच हे. आता त्याच छायाचित्राखाली दुसऱ्या तीन ओळी ठेवून पाहा:

भरती चढते
मुलगा मोजू लागतो
पुन्हा एकपासून

ओहोटीच्या चिखलात चरणारे रोहित पाणी चढले की जागा बदलतात आणि मोजणाऱ्याचा आकडा चुकतो, एवढीच ह्यातली घटना. छायाचित्रात मुलगा नाही, भरती चढतानाही दिसत नाही. उलट ओळींत ‘पक्षी’ हा शब्द नाही. तो छायाचित्राने भरून काढला. दोघांनी एकमेकांचे काम हलके केले. ह्या ओळी छायाचित्रावाचून छापल्या तर अपुऱ्या वाटतील, हेही खरे. मग त्या एकट्या छापू नयेत. हायकू स्वतंत्र उभा राहिलाच पाहिजे असा आग्रह धरणारे रसिक मला भेटले आहेत. परंतु जोडीने गायच्या गाण्यात एकट्याची तान मोजणे मला बरोबर वाटत नाही. ओळी झाकल्या तर छायाचित्राचे काही कमी होते का, आणि छायाचित्र झाकले तर ओळींचे काही कमी होते का, एवढे पाहावे. दोन्हीकडे काही कमी होत असेल तर सोयरीक जमली. कोणाचेच काही कमी होत नसेल, तर ते दोघे नुसते एका पानावर शेजारी राहतात.

इथे ‘आठवण’ नावाची तिसरी व्यक्ती येते. छायाचित्र हे नेहमी होऊन गेलेल्या क्षणाचे असते. हायकू बहुधा वर्तमानकाळात बोलतो. दोहोंच्या मधल्या फटीत वाचणाऱ्याचे स्वतःचे आकाश शिरते. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९२२ पासून काही वर्षे नुसत्या ढगांची छायाचित्रे घेतली. त्यांतल्या बहुतेकांत जमीन दिसतच नाही. त्यांना त्याने ‘इक्विव्हॅलंट्स’, म्हणजे मनातल्या भावांचे तुल्य, असे नाव दिले. ढग हे निमित्त. दाखवायचे होते ते मन. आपल्या मोबाईलमध्ये मात्र उलटाच प्रकार होतो. यंत्र आपण होऊन रंग गडद करते, आणि आपल्याला आठवणारे आकाश त्या चकचकीत आकाशापुढे फिके पडू लागते. काही दिवसांनी आठवते ते छायाचित्रच.

वर्गात मी हे मुलांवर करून पाहिले. सूर्यास्ताचे एक सुंदर छायाचित्र फळ्यावर लावले आणि तीन ओळी लिहायला सांगितले. चाळीस वह्यांत मिळून ‘सोनेरी’ हा शब्द किती वेळा आला हे मोजायचे मी सोडून दिले. दुसऱ्या दिवशी छायाचित्र लावले नाही. ‘घरातल्या मोठ्यांना आठवणारे एखादे आकाश विचारून या’, एवढेच सांगितले. त्या वह्यांत साताऱ्याकडचे वळवाचे आकाश आले, कोकणातले विजांचे आले, एका मुलाने आजोबांचे दुष्काळातले स्वच्छ निळे, भयंकर आकाश आणले. आणि इथल्याच एका गावातली मुलगी हे घेऊन आली:

आभाळ भरलं
आजी अजून झाकते
नसलेलं मीठ

हे समजायला थोडी जुनी हकिकत हवी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. त्या जमिनींत भाताची खाचरे होती, तशी मिठागरेही होती. उन्हाळाभर पिकवलेल्या मिठाच्या राशी वैशाख-ज्येष्ठात काठावर असत आणि अवकाळी सर आली की विरघळून जात. म्हणून आभाळ भरले की आधी मीठ झाकायला पळायचे. मिठागर गेले, पळण्याची सवय अंगात राहिली.

ह्या ओळींवर कोणते छायाचित्र द्यावे? मिठागराचे जुने छायाचित्र कोणालाही आधी सुचेल, आणि तिथेच फसगत होईल. आजी कशासाठी उठली ते चित्रच सांगून टाकेल आणि ‘नसलेलं’ ह्या शब्दाला काम उरणार नाही. मी तरी उलव्याच्या नव्या उंच इमारतींवर दाटलेल्या काळ्या ढगांचे साधे छायाचित्र देईन. त्यात आजी नको, मीठही नको. मग वाचणारा त्या इमारतींच्या पायथ्याशी आपोआप काहीतरी शोधू लागेल.

निसर्गाची छायाचित्रे आणि हायकू यांच्यावर माझा एकच मोठा आक्षेप आहे, तो इथे सांगून टाकते. ह्या जोड्यांतल्या आकाशाखाली बहुधा कोणी राहतच नाही. तारा, टॉवर, विमाने, माणसे सगळी चौकटीबाहेर ठेवलेली असतात. हायकूने घोषणा द्यावी असे मी म्हणत नाही. त्याचा आवाज तेवढा नाहीच. पण बाशोचा वारसा सांगणाऱ्या कवितेने पाऊस आला की कोणाचे काय भिजते, हे विसरू नये. ज्याच्या-त्याच्या आकाशात ज्याचे-त्याचे काहीतरी झाकायचे राहिलेले असते. ते एका शब्दात येते, आणि तो शब्द सुंदर असावाच लागतो असे नाही. ‘मीठ’ हा शब्द काही सुंदर नाही.

आता आश्विन सरून कार्तिक लागेल. पावसाने धुतलेले आकाश वर्षात सर्वांत निवळ असते ते ह्याच सुमारास. घरोघर गॅलरीत आकाशकंदील लागतील आणि त्यांच्या मागे दिसणाऱ्या संध्याकाळीचे फोटो निघतील. जरूर काढावेत. त्याखाली ओळी लिहायच्या झाल्या तर आधी घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून विचारावे, की अशा वेळी तुमच्या लहानपणी आकाशाकडे कोण पाहत असे आणि कशासाठी. उत्तर मिळाले तर तीन ओळी पुष्कळ झाल्या. नाही मिळाले, तर छायाचित्र नुसतेच पाठवावे. चांगल्या आकाशाला ओळींवाचून काही उणे नाही.