साचा आणि लेखणी : इंडोनेशियातील लेखनशिक्षण
'बहासा', 'गुरू', 'सिस्वा', 'सास्त्रा' हे इंडोनेशियन शब्द मराठी वाचकाला परके वाटणार नाहीत. मात्र तेथे 'सिस्वा' म्हणजे विद्यार्थी, आणि 'सास्त्रा' म्हणजे शास्त्र नव्हे, तर साहित्य. शब्द समुद्रापार गेले, की त्यांचे अर्थ असे कूस बदलतात. एक प्रश्न मात्र तिकडेही आपल्यासारखाच उभा आहे : शाळा मुलाला लिहायला शिकवते, की लिहिल्यासारखे करायला?

२८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाविया येथे जमलेल्या तरुणांनी मलय भाषेला 'इंडोनेशियन' म्हणून ऐक्याची भाषा मानले. जावानीज भाषिक संख्येने सर्वाधिक असूनही त्यांची भाषा इतरांवर लादली गेली नाही, हे त्या निर्णयातील शहाणपण होय. पण त्यामुळे घरी जावानीज, सुंदानीज वा फ्लोरेस बेटावरील एखादी बोली बोलणाऱ्या मुलाला निबंध लिहिताना आपला विचार एका भाषेतून उचलून दुसरीत ठेवावा लागतो.

कवी तौफिक इस्माईल यांनी १९९० च्या दशकात या दुखण्यावर बोट ठेवले. डच अमदानीतील उच्च माध्यमिक शाळांत मुले साहित्यकृती वाचत, नियमाने निबंध लिहीत. पुढे शाळेतील सक्तीचे वाचन जवळजवळ शून्यावर आले, ही त्यांची तक्रार. तक्रार रास्त आहे. पण त्या जुन्या शाळा मूठभरांच्याच होत्या, हेही विसरता येत नाही. इस्माईल केवळ बोलून थांबले नाहीत. 'होरिसोन' या साहित्यविषयक मासिकाला १९९६ पासून 'काकीलांगित' ही विद्यार्थ्यांसाठीची पुरवणी जोडली गेली, त्यामागे त्यांचा पुढाकार होता.

२०१३ च्या अभ्यासक्रमाने भाषेचे सारे शिक्षण 'पाठ्यप्रकारां'वर उभे केले. प्रतिपादनपर लेखनाचे तीन भाग : प्रमेय, युक्तिवाद आणि पुनरुच्चार. विनोदी किश्शाचेही पाच भाग : सार, प्रस्तावना, पेच, प्रतिक्रिया आणि समारोप. ऑस्ट्रेलियात रुजलेल्या या पद्धतीमागील हेतू उदात्त होता. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत, त्या मुलाला लेखनाची घडण उघड करून दाखवावी, म्हणजे ती सुखवस्तू घरांची मिरास राहणार नाही. मूळ पद्धतीत नमुना दाखवल्यावर गुरू-शिष्यांनी फळ्यावर मिळून लिहिण्याची एक पायरी आहे. मूल एकट्याने लिहिते, ते त्यानंतर. ही मधली पायरी गळाली, की उरतो तो 'भाग ओळखा' हा प्रश्न. पाच तुकडे केलेल्या किश्शावर हसणार कोण? शिवाय कित्येक वर्षे राष्ट्रीय परीक्षेत भाषेच्या प्रश्नपत्रिकेत पर्यायांतून उत्तर निवडायचे असे. जे लिहून दाखवायचेच नाही, ते शिकवण्यास वेळ कोण देणार? ती परीक्षा २०२१ साली रद्द झाली. सवयी मात्र आदेशाने रद्द होत नाहीत.

येथे कादंबरीकार व धर्मगुरू फादर मांगुनविजया (१९२९–१९९९) यांचे स्मरण होते. योग्यकर्ताजवळील मांगुनान येथे १९९४ पासून त्यांनी चालवलेल्या प्रायोगिक प्राथमिक शाळेत एक प्रश्नपेटी असे. मुलांनी मनातील प्रश्न लिहून तीत टाकायचे आणि वर्गाने त्यांवर चर्चा करायची. साधन किती साधे! पण मुलाला खरोखर काही विचारायचे असते, आणि कुणीतरी ते खरोखर वाचणार असते. लेखनाला या दोनच गोष्टी प्रथम हव्यात, साचा त्यानंतर.

साचा टाकाऊ नाही. कुंभारालाही चाक लागते. पण चाकावर माती नसेल, तर ते नुसतेच फिरते. गाइडातील 'माझा आवडता ऋतू' पाठ करून उत्तीर्ण झालेल्या आपणा पालकांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या मुलाची वही उद्या हाती घ्याल, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुकांआधी एक गोष्ट शोधा : त्याने स्वतः पाहिलेले एक तरी वाक्य तीत आहे का?