बारा जूनचा दिनविशेष

शाळेच्या परिपाठात सुविचारासोबत दिनविशेषही वाचला जातो. बारा जूनच्या वाट्याला तेवढंही भाग्य सहसा येत नाही, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा त्यानंतरच उघडतात. पण माझ्या मते हा वर्षातल्या फार सकस दिनविशेषांपैकी एक आहे, आणि तो सावकाश वाचायला हवा.

या प्रकाराचे नियम कडक. घटना, जन्म, मृत्यू असे तीन कप्पे, वर्षं चढत्या क्रमाने, क्रियापदांची काटकसर. जन्माच्या ओळीत कंसात मृत्यूची तारीख, मृत्यूच्या ओळीत जन्माची. कंसात सहसा दिवस, महिना, वर्ष चोख असतं. म्हणून 1929 च्या ओळीपाशी नजर अडते. अ‍ॅन फ्रँक, जन्म फ्रँकफुर्ट. आणि कंसात ‘फेब्रुवारी किंवा मार्च 1945’. बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत पंधरा वर्षांची मुलगी मेली त्या दिवसाची नोंद कुणी ठेवली नाही. काही संकलक इथे एखादी नेमकी तारीख घालून मोकळे होतात. मला तो ‘किंवा’ हवाच. त्या छावणीबद्दल तो परिच्छेदभर मजकुराहून जास्त सांगतो. बरं, तिचा हाच वाढदिवस ‘घटना’ या कप्प्यातही बसू शकतो : 1942 साली, तेरावं वर्ष लागलं नव्हे, पुरं झालं त्या दिवशी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये तिला डायरी भेट मिळाली.

घटनांत दोन न्यायालयं एकाखाली एक येतात. 1964, प्रिटोरिया : नेल्सन मंडेला आणि सात सहकाऱ्यांना जन्मठेप. 1975, अलाहाबाद : न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी राजनारायण यांच्या याचिकेवर पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. एका न्यायालयाने सत्तेला आव्हान देणाऱ्यांना कोठडीत धाडलं, दुसऱ्याने सत्तेवरच्या व्यक्तीला कायदा दाखवला. दिनविशेष यावर चकार शब्द काढत नाही. अलाहाबादच्या ओळीनंतर काय घडलं तेही त्याच्या हद्दीबाहेरचं. आणीबाणी पंचवीस जूनच्या पानावर भेटते.

मग मृत्यूच्या कप्प्यात 2000 : पु. ल. देशपांडे, पुणे. त्यांच्या नावामागे ‘महाराष्ट्राचे लाडके’ असं काहीतरी हटकून लावलेलं असतं. मंडेलांना विशेषण लागत नाही, मग पुलंनाच का? शिवाय त्या लाडाच्या शब्दाने वरची 1975 ची ओळ झाकली जाते. अलाहाबादच्या निकालातून आलेल्या आणीबाणीविरुद्ध 1977 च्या निवडणुकीत हाच विनोदी लेखक गावोगाव सभा घेत होता. अवघ्या दोन नोंदींच्या अंतरावर हा धागा आहे, फक्त तो वाचकाने ओढायचा.

आणि एक ओळ जी मी कुठल्याच दिनविशेषात छापलेली पाहिली नाही : 12 जून 1946, रत्नागिरी, सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचं नोंदणी पद्धतीने लग्न. पुलं गेले तो त्यांच्या लग्नाचा चोपन्नावा वाढदिवस होता. संकलकाला ही नोंद खासगी वाटत असेल. मात्र सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ हे आत्मकथन वाचलेला माणूस 2000 ची ओळ वाचताना ती मनातल्या मनात घालतोच, आणि तीही कंसाशिवाय.