देणं फेडणारी तबकं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या होपी या आदिवासी समाजात लग्न ठरलं की नवऱ्याकडचे पुरुष कापसाचं सूत घेऊन बसतात. कापड विणणं तिथं पुरुषांचं काम. मुलाचे वडील, काका, मामा वधूसाठी पांढऱ्या सुती शाली आणि लांब झालरीचा कमरपट्टा विणतात. हे देणं वधूच्या घरावर चढतं आणि ते फेडायचं असतं मक्याच्या पिठानं आणि टोपल्यांनी. मग वधूची आई, आजी, मावश्या, मावसबहिणी विणायला बसतात. एखाददुसऱ्या तबकानं, म्हणजे विणलेल्या सपाट गोल टोपलीनं, भागत नाही, डझनांनी लागतात. काही घरांत ही फेड लग्नानंतर कित्येक वर्षांनी पुरी होते. होपी श्रद्धेप्रमाणे मृत्यूनंतरच्या प्रवासात स्त्रीला तिची लग्नाची शाल उपयोगी पडते आणि पुरुषाला त्याचं तबक.

उत्तर अमेरिकेतल्या अनेक आदिवासी समाजांत टोपल्या विणणं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच विरळ झालं. पत्र्याच्या बादल्या आल्या, टोपलीचं काम संपलं, आणि उरलेली कला संग्राहकांच्या मर्जीवर जगू लागली. ॲरिझोनाच्या ईशान्येकडचे होपी यातून बरेचसे बचावले, कारण त्यांच्या टोपलीचं पहिलं गिऱ्हाईक बाजार कधीच नव्हता. लग्नं होत राहिली, देणी फिटत राहिली आणि विणणं चालू राहिलं. या कलेची आजची स्थिती जोखायची तर दुकानातल्या किमतींपेक्षा हा व्यवहार आधी बघायला हवा. बहुतेक लिखाणात नेमकं हेच मागं पडतं.

होपींची गावं तीन मेसांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या उंच पठारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेली आहेत. पहिल्या मेसाची ओळख मातीच्या भांड्यांची. दुसऱ्या मेसावर, शुंगोपावी, मिशाँगनोवी आणि सिपॉलोवी या गावांत, गुंडाळीची तबकं होतात. तिसऱ्या मेसावर काड्यांची. अंतर थोडक्या मैलांचं, तरी पद्धती एकमेकींत फारशा मिसळल्या नाहीत. होपींचं कुळ आईकडून चालतं, घर बाईच्या मालकीचं असतं आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. त्यामुळे आईची कला मुलीबरोबर त्याच गावात राहते. १९०६ साली तिसऱ्या मेसावरचं जुनं ओराइबी गाव फुटलं. अमेरिकी सरकारच्या शाळा मान्य करायच्या की नाही यावरून तट पडले होते. हरलेल्या गटानं गाव सोडलं, त्यातून होटेव्हिला आणि पुढे बाकावी उभं राहिलं. काड्यांची वीणही त्या बायकांबरोबर तिकडे गेली.

दुसऱ्या मेसाच्या तबकात आत गवताची किंवा युक्का या रानवनस्पतीच्या चिरलेल्या पातींची जुडी असते. ती मध्यापासून गोल गोल फिरत जाते आणि युक्काच्या ओल्या, अरुंद पट्टीनं टाका घालून प्रत्येक फेर आधीच्या फेराला शिवला जातो. हत्यार एकच, टोचा. पट्टीची रुंदी नखानं आणि टोच्यानं साधायची. रोपाच्या गाभ्यातली कोवळी पात उन्हात ठेवून पांढरी करतात, बाहेरची हिरवी किंवा पिवळी वापरतात. काळा रंग सूर्यफुलाच्या काळ्या बियांपासून निघतो. नक्षी ढगांची, मक्याची, गरुडाची, कासवाची किंवा पाऊस आणणाऱ्या कत्सिना नावाच्या दैवी शक्तींची. ही नक्षी कागदावर काढलेली नसते. बाई मध्यापासून बाहेर जाते, आणि गरुडाचा पंख काठाजवळ किती रुंद व्हायचा हे तिला दहा फेर आधी ठाऊक असावं लागतं, कारण तोवर टाके मोजून ठेवलेले असतात. चुकलं तर उसवण्यावाचून इलाज नाही. चांगल्या तबकात पंखाची कड एका टाक्यानंही ढळत नाही. मोठं तबक पुरं व्हायला अनेक आठवडे लागतात, पाती गोळा करण्याचे आणि चिरण्याचे दिवस त्याशिवाय.

तिसऱ्या मेसाची शिस्त वेगळी. तिथं काड्यांचे दोन जुडगे काटकोनात एकमेकांवर ठेवून मध्य धरतात. म्हणून या तबकांना मधोमध छोटा उंचवटा असतो. आडव्या विणीत रॅबिटब्रश नावाच्या झुडपाच्या सोललेल्या, घासून गुळगुळीत केलेल्या काड्या जातात, त्याही आधी रंगवलेल्या. काडी पट्टीइतकी वाकत नाही, त्यामुळे आकृती कोनांची आणि पायऱ्यांची होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांनी रासायनिक रंग आणले. गुलाबी, जांभळे, झगझगीत हिरवे. विणणाऱ्यांना ते आवडले. बाहेरून पाहणाऱ्यांना खटकले. १९२८ साली स्थापन झालेल्या उत्तर ॲरिझोना संग्रहालयाच्या मेरी-रसेल फेरेल कोल्टन यांनी १९३० पासून होपी कारागिरांचं प्रदर्शन भरवलं, उत्तम कामाला बक्षिसं दिली, वनस्पतिजन्य रंगांचे प्रयोग केले आणि पुढे त्यांवर पुस्तकही लिहिलं. त्या कामाचं मोल मोठं आहे, विस्मरणात जाणाऱ्या रंगांच्या कृती त्यामुळे लिहून राहिल्या. पण अस्सल काय हे बाहेरच्या माणसानं ठरवायचं, हा पायंडाही तिथं घट्ट झाला. होपी बाईला गुलाबी रंग हवासा वाटला, तर तो होपी नाही असं म्हणण्याचा अधिकार कुणाला, याचं उत्तर मला त्या काळच्या लिखाणात सापडत नाही.

बाजारानं आकारही बदलले. १९०५ साली ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर फ्रेड हार्वी कंपनीचं होपी हाउस हे पर्यटकांसाठीचं हस्तकलांचं दुकान उघडलं. वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी ते ओराइबीच्या घरांच्या धर्तीवर आखलं होतं. पर्यटकाला लग्नाचं तबक काय कामाचं? त्याच्यासाठी खोल टोपल्या झाल्या, झाकणाच्या झाल्या, कागद टाकायच्याही झाल्या. यातल्या काही देखण्या आहेत. तरी संग्राहकांच्या कपाटांतून फिरल्यावर माझं मत असं झालं की होपी हाताचं उत्तम काम सपाट तबकातच आहे. तिथं आकृतीला लपायला कोपरा नसतो, आणि ते तबक नातलग बायकांच्या नजरेखालून जायचं असतं. त्यांच्यासारखी कठोर परीक्षक कुठल्याही प्रदर्शनाला लाभणार नाही. शरद ऋतूत होणाऱ्या स्त्रियांच्या समारंभात बायका अर्धवर्तुळात उभ्या राहून हीच तबकं हातात धरून वर-खाली हलवतात. ते बघितलं म्हणजे भिंतीवर टांगलेलं तबक अर्धं का वाटतं ते कळतं.

नव्या कामांपैकी आयव्हा होनयेस्तेवा यांचं काम महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या मेसावरच्या या कलावतीनं गुंडाळीचं तबक आणि युक्काच्या पातींची विणलेली चाळण, या दोन्ही पद्धती एकाच वस्तूत आणल्या आणि तिला ‘पोत्साया’ असं नाव दिलं. २०१४ साली सांता फे इथल्या स्कूल फॉर ॲडव्हान्स्ड रिसर्चची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. नवेपणासाठी परक्या वस्तूकडे न जाता आपल्याच घरातल्या दोन विणी जुळवणं, हे मला पुढं जाण्याचं खरं लक्षण वाटतं.

त्यातली चाळण मात्र सर्वांत दुर्लक्षित. ती तिन्ही मेसांवर होते. युक्काच्या पाती तिरप्या एकमेकींखालून-वरून घालून, टोकं लवचीक फांदीच्या कड्यावर दुमडून बांधतात. हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतींच्या उत्खननात अशाच टोपल्या मिळाल्या आहेत. रंग नाही, कत्सिना नाही, म्हणून किंमत कमी आणि ग्रंथांत पानंही कमी. माझ्या मते होपी हस्तकलेतली ही सर्वांत निर्दोष वस्तू आहे. तिच्यात एकही पात केवळ शोभेची नाही.

या कलेविषयी काळजीची कारणं खरी आहेत. अमेरिकेच्या नैऋत्येला २००० पासून पडलेला दुष्काळ वृक्षवलयांच्या अभ्यासानुसार बारा शतकांतला सर्वांत तीव्र आहे, आणि या कलेचा सगळा कच्चा माल रानातून येतो. २०१९ साली केयेंटा कोळसा खाण बंद झाली, तेव्हा होपी शासनाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गेला. नोकरीसाठी फ्लॅगस्टाफ किंवा फिनिक्सला राहणाऱ्या मुलीला पाती चिरायला महिने कुठून मिळणार? लग्नाचं देणं टिकलं तर टोपली टिकेल, आणि ते देणं गावात माणसं राहण्यावर अवलंबून आहे. नकली मालाचा उपद्रव वेगळाच. १९९० च्या कायद्यानं आदिवासी हस्तकलेच्या नावानं खोटी वस्तू विकणं गुन्हा ठरवलं, तरी तो थांबलेला नाही.

अमेरिकेत राहणारी किंवा फिरायला जाणारी मराठी मंडळी ग्रँड कॅन्यन पाहतातच. तिथून पूर्वेला जाऊन राज्य मार्ग २६४ धरला की होपी गावं लागतात. जरूर जा. गावात कॅमेरा आणि फोन खिशात राहू द्या, तिथं छायाचित्रं काढायला आणि चित्रं रेखाटायला मनाई आहे. टोपली घ्यायची तर विणणाऱ्या बाईकडून घ्या, तिचं नाव विचारून लिहून ठेवा, आणि घासाघीस करू नका. आणि एखाद्या घरी युक्काची साधी चाळण असेल, तर तीही मागून बघा.