सडा माणूस आणि महानगर : मराठी कथनातील एक अनुत्तरित स्थलांतर

मराठी कथात्म साहित्यातील स्थलांतराची चर्चा प्रामुख्याने दोन व्यक्तिरेखांभोवती फिरत आली आहे. पहिली विद्यार्थ्याची आणि दुसरी चाकरमान्याची. विद्यार्थी शहरात येतो तो अपक्व अवस्थेत. त्याला घडवणे किंवा मोडणे हे शहराचे काम असते. चाकरमानी शहरात येतो तो पोटासाठी. त्याचे घर गावी असते आणि शहरातील खोली ही त्या घराची केवळ एक दूरची ओसरी असते. या दोहोंपलीकडे एक तिसरी व्यक्ती आहे. तिशी ओलांडलेली, अविवाहित, अंगी एखादा व्यवसाय मुरलेला असताना मोठ्या शहरात एकटी येऊन राहणारी. तिचे स्थलांतर मराठी समीक्षेने स्वतंत्रपणे वाचलेले दिसत नाही. हा केवळ एका विषयाचा अभाव नाही. या व्यक्तीला सामावून घेणारे कथनरूप मराठीत सहजी का उपलब्ध होत नाही, हा मूळ प्रश्न आहे.

या संदर्भात प्रथम भाषेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. एकट्या पुरुषासाठी मराठीत ‘सडा’, ‘सडाफटिंग’ असे शब्द आहेत. त्यांत किंचित थट्टा आहे, किंचित हेवाही आहे. स्त्रीसाठी मात्र या शब्दांना समांतर शब्द नाही. तिच्या वाट्याला ‘घोडनवरी’ येतो, आणि या शब्दात ती एकटी राहते आहे ही वस्तुस्थिती नसून तिचे लग्न लांबले आहे हा आरोप आहे. ‘बिऱ्हाड’ हा शब्दही असाच पाहावा. बिऱ्हाड थाटायचे असते आणि थाटण्यात कुटुंब गृहीत असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणताना भाषा ज्या स्थितीकडे बोट दाखविते, ती तिच्या लेखी घराची स्थितीच नव्हे. अर्थात एकट्या प्रौढ व्यक्तीचे घर ही कल्पना वाङ्मयात अवघड होण्यापूर्वी शब्दकोशातच अवघड झालेली आहे.

गिरणगावातील एकटा पुरुष या विधानाला छेद देतो असे कोणी म्हणेल. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खाणावळीत जेवणारे शेकडो पुरुष मुंबईने पाहिले. परंतु त्यांतील बहुतेकांचे एकटेपण हे विवाहित माणसाचे एकटेपण होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील अण्णा भाऊ साठे यांची गाजलेली छक्कड उभी आहे ती याच वियोगावर. ज्याची पत्नी गावी आहे, त्याच्या विरहाला लोकवाङ्मयाची शतकानुशतकांची परंपरा मिळते. खेरीज गावकीच्या खोल्या होत्या, भजनी मंडळे होती, घरच्या चुलीवर गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या बाया होत्या. याच बायांना संघटित करण्यासाठी १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. हा एकटा माणूस सामाजिकदृष्ट्या एकटा नव्हताच. तिशीत सडेपणाने आलेल्या व्यक्तीला मात्र ना गावची वाट पाहणारी पत्नी, ना गावकीची खोली. तिचा विरह कोणाचा, हेच सांगता येत नाही.

विद्यार्थ्याच्या कथनाची अडचण निराळी आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्याला जातो, तेथे त्याचे काही जमत नाही आणि तो गावी परततो. वयाच्या पंचविशीत उभा राहून तो हे सारे सांगतो. ‘कोसला’चे सामर्थ्य असे की घडणीच्या कादंबरीचा आराखडा तिने उलटा केला. परंतु उलटा केलेला आराखडाही मुळात घडणीचाच असतो. पंचविशीपर्यंत काय होते, एवढेच तो विचारू शकतो. जी व्यक्ती घडून झाली आहे, जिच्या आवडीनिवडी, कर्जे, तुटलेली नाती ठरून गेली आहेत, ती शहरात आली तर तिचे कथन कोठून सुरू करावे? तिच्याबाबतीत शहर हा आरंभ नसतो. तो आयुष्याच्या मध्यावर आलेला परिच्छेद असतो. म्हणून येथे घडणीऐवजी पुनर्मांडणीचा आराखडा हवा, आणि मराठी कादंबरीने तो अपवादानेच उभारला आहे.

या अभावाचे मूल्य काय, हे विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातून दिसते. लीला बेणारे ही तिशी ओलांडलेली, अविवाहित, स्वतःच्या कमाईवर जगणारी शिक्षिका. ती शहरात कोठून आली, हा नाटकाचा विषय नाही. ती शहरात कोणत्या आधारावर उभी आहे, हा आहे. शहरातली हौशी मंडळी प्रयोगासाठी एका गावी जातात आणि तेथे, खेळ म्हणून, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात. या नाटकाकडे बहुधा स्त्रीवरील सामूहिक हिंसेचे नाटक म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु स्थळाची योजनाही लक्षात घ्यावयास हवी. महानगर एकट्या व्यक्तीला अनामिकतेचे अभय देते, असे मानले जाते. तेंडुलकर दाखवितात की हे अभय सशर्त आहे. शहरात जे डोळ्यांआड केले जाते, ते तेथील माणसे शहराची वेस ओलांडताच पुरावा म्हणून सादर करतात. उलट, त्या गावातला सामंत मात्र खोटी साक्षसुद्धा हातातल्या कादंबरीतून उसनी घेऊन देतो. बेणारेबद्दल ठरावीक कादंबरीखेरीज बोलायला दुसरी भाषाच उपलब्ध नाही, इतका हा उपहास नेमका आहे.

अशा व्यक्तीच्या एकटेपणाला ‘परात्मता’ अथवा ‘अस्तित्वाची पोकळी’ म्हणण्याची साठोत्तरी समीक्षेला सवय जडली. या संज्ञांनी पुष्कळ उजेड पाडला. पण त्यांनी एक गोष्ट झाकलीही. शहरातील एकटेपणाला भाडे असते. मुंबईच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. आपल्या जागेला कायमचे कूळ लागेल या भीतीने मालक पागडीकडे आणि पुढे अकरा महिन्यांच्या करारांकडे वळले. १९९९च्या कायद्यानंतरही अकरा महिन्यांचा प्रघात टिकून आहे. दर अकरा महिन्यांनी खोली बदलणाऱ्या माणसाची स्मृती, त्याचे शेजार, त्याच्या सामानाचे प्रमाण हे सारे कथनाच्या काळाला आकार देते. त्याला केवळ तात्त्विक पोकळी म्हणणे म्हणजे घरमालकाला अदृश्य करणे होय.

ही अदृश्यता सर्वांसाठी सारखी नाही. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतील तरुण गुजरातेत रेल्वेच्या कामावर रुजू होतो आणि राहण्याच्या जागेचा प्रश्न तत्क्षणी जातीचा प्रश्न होतो. परक्या ठिकाणी एकट्याने जाणे म्हणजे ओळख मागे टाकणे, हा मध्यमवर्गीय समज ही कथा एका फटक्यात मोडते. ओळख लपविता येते; टाकता येत नाही. तेव्हा तिशीतील सड्या स्थलांतरिताची चर्चा करताना ‘व्यक्ती’ हा शब्द जात व लिंग वगळून वापरता येणार नाही.

या दिशेने सर्वांत सातत्याने लिहिणाऱ्यांत सानिया यांचे नाव घ्यावे लागेल. ‘प्रयाण’, ‘स्थलांतर’, ‘दिशा घराच्या’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच बोलकी आहेत. शेवटच्या शीर्षकातील अनेकवचन विशेष महत्त्वाचे. चाकरमान्याच्या घराला एकच दिशा असते, ती गावाची. येथे दिशा अनेक होतात आणि घर हे मागे राहिलेले स्थान न उरता शोधण्याची गोष्ट बनते.

या व्यक्तीसाठी ग्रामीण, दलित, महानगरी यांच्या जोडीला आणखी एक कप्पा काढावा, असा याचा अर्थ नाही. कप्पे पुष्कळ झाले आहेत. प्रश्न कथनाच्या शेवटाचा आहे. विद्यार्थ्याचे कथन परतण्यात किंवा स्थिरावण्यात संपते. चाकरमान्याचे, निवृत्त होऊन गावी जाण्यात किंवा गिरणी बंद पडण्यात. तिशीतल्या सड्या माणसाचे कथन लग्नात संपविले तर त्याचे एकटेपण ही केवळ प्रतीक्षा ठरते. विनाशात संपविले तर ते शिक्षा ठरते. ते राहण्यातच संपू शकते काय? रोज संध्याकाळी कुलूप उघडून आत येणारी व्यक्ती ही अपूर्ण गोष्ट नसून पूर्ण गोष्ट आहे, असे मानणारा शेवट ज्या कलाकृतीत सापडेल, तेथे समीक्षेने आपली जुनी मापे बाजूला ठेवणे इष्ट होय.